मधुकरची साक्ष

वाशी, सेक्टर २
६ सप्टेंबर १९८१

अक्कास मधूचा सलाम.

पत्ता बदललाय, वर बघ. दिघ्याची खोली सोडली. आता सिडकोच्या घरात आलोय. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि नळ घराच्या आत! स्मिता दोन दिवस नुसती नळ उघडून बंद करत होती. इथले रस्ते एवढे रुंद की बैलगाड्यांची शर्यत लावावी. झाडं मात्र नाहीत. खाडीचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे पुढच्या सेक्टरात जाऊन पडतात.

खरी बातमी वेगळीच आहे. आपली ख्रिस्ती मंडळी इथे शाळेच्या हॉलात भरते. तीसएक घरं, निम्मी नगरकडचीच. परवा उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मधुकरराव, येत्या ईस्टरला तुम्ही साक्ष द्या. प्रभूनं तुम्हाला कुठून कुठं आणलं ते लोकांना ऐकू द्या. आणि नव्या निवडीत मंडळीचे वडील म्हणून तुमचं नाव घालायचं आमच्या मनात आहे."

अक्का, मंडळीचा कारभार बघणाऱ्यांत मी! ज्याला मारामाऱ्यांपायी बाबा वेशीबाहेर उभं करायचे तो मी!

दिघ्यातल्या त्या प्रार्थनासभेत मी गुडघ्यावर पडून रडलो, त्याला या महिन्यात तीन वर्षं होतील. त्या दिवसापासून दारूचा थेंब नाही, कुणावर हात नाही. प्लँटमध्ये आधी मला 'पैलवान' म्हणायचे, आता 'फादर' म्हणतात. चेष्टेत म्हणतात, पण म्हणतात. ऑपरेटर झालोय, हाताखाली सहा माणसं आहेत, आवाज न चढवता काम करून घेतो.

आपण जन्मानं ख्रिस्ती होतो, पण जन्म मला तिसाव्या वर्षी मिळाला. जुना मधुकर मेला. त्याला मी दिघ्यातच पुरलं, मूठमातीही मीच दिली. आज बाबा हवे होते.

तुझा,
मधू

*

शेवगाव
२० सप्टेंबर १९८१

प्रिय मधू,

तुझं पत्र आधी मी एकटीनं तीनदा वाचलं. मग बुधवारी बायकांच्या सभेत मोठ्यानं वाचलं. म्हातारी पुतळाबाई मधेच म्हणाली, "मास्तराचं ते वंगाळ पोरगं? सदू पाटलाचे दात पाडलेलं?" मी म्हणाले, "तेच!" आणि मधू, मान अशी ताठ झाली की शाळेत इन्स्पेक्टर आल्यावरसुद्धा कधी झाली नव्हती.

त्या दिवसापासून मला रस्त्यात थांबवून लोक तुझी चौकशी करतात. मी सगळ्यांना सांगते, माझा भाऊ ईस्टरला साक्ष देणार आहे, वाशीच्या मंडळीचा वडील होणार आहे. शाळेतल्या बाईंनाही सांगितलं, पोस्टमनलाही सांगितलं. विधवा बाईला मिरवायला एवढंच असतं, मिरवू दे.

एकच सांगते, मोठी बहीण म्हणून. दारू सुटली हे मोठं झालं. पण तुझा राग दारूच्या आधीपासूनचा. तू सहा वर्षांचा असताना पाटी डोक्यात घातली होतीस माझ्या, तेव्हा काय प्यायला होतास? सांभाळ. स्मिताला नळ लखलाभ.

तुझी,
अक्का

*

वाशी
१४ फेब्रुवारी १९८२

अक्का, सलाम.

पत्राला उशीर झाला. शिफ्ट बदलल्यात, कामं फार आहेत. स्मिता बरी आहे. हवा बरी आहे.

बुधवारी प्लँटमध्ये एक माणूस पडला. शिवराम नावाचा, घणसोली गावातला, कंत्राटदाराकडचा. माल चढवायच्या ओट्यावरून पाय घसरला, मनगट मोडलं. चौकशी झाली, मलाही विचारलं, मी काय ते सांगितलं. ही माणसं सेफ्टीचे बूट घालत नाहीत. त्याच्यासाठी प्रार्थना कर.

साक्ष लिहायला घेतली आहे. चारदा कागद फाडला. 'मी पूर्वी असा असा होतो' इथवर येतो आणि पुढचं सुचत नाही. तू शिक्षिका आहेस, दोन ओळी तूच लिहून पाठव.

मधू

*

शेवगाव
१ मार्च १९८२

प्रिय मधू,

साक्ष मी कशी लिहून देऊ? ती काय वक्तृत्वस्पर्धा आहे? पण तुला सुचत नाही म्हणतोस आणि त्याच पत्रात सगळं लिहिलेलंही आहेस. कारखान्यातल्या परक्या, परधर्माच्या माणसासाठी प्रार्थना मागणारा मधू मी आधी कधी पाहिला नव्हता. माझा ऊर भरून आला. हेच सांग ईस्टरला. 'पूर्वी मी माणसं पाडायचो, आज पडलेल्यासाठी गुडघे टेकतो.' बघ, झालं वाक्य!

आणि नुसती प्रार्थना करून थांबू नकोस. स्मिताला डबा करायला सांग आणि दोघं त्याच्या घरी जाऊन या. मनगट मोडलेल्या माणसाला भाकरी मोडता येत नाही. त्याला घरी कोण आहे, काय आहे, मला कळव.

सभेत त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली. पुतळाबाईंनी "शिवराम घणसोलीकर" असं आडनावच लावून टाकलं.

तुझी,
अक्का

*

वाशी
१२ मार्च १९८२

आदरणीय अक्का,

स्मिताचा सलाम. यांना न सांगता लिहिते आहे, क्षमा करा.

तुमचं पत्र आलं. यांनी उभ्यानंच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर निघून गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे डबा केला, चपात्या आणि मटण. बसनं घणसोलीला गेलो. गावात शिरलो, एका बाईला घर विचारलं, तिनं बोटानं दाखवलंही. कोपऱ्यावर हे थांबले. डबा हातात, आणि पाय उचलेना. मी म्हटलं, "चला ना." हे म्हणाले, "आज नको." आम्ही परत आलो. त्यातलं मटण यांनी तोंडातही घेतलं नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीच्या तुकड्यांची थाळी यांच्यासमोर आली, यांनी ती न घेता माझ्याकडे सरकवली. लग्नापासून असं कधी पाहिलं नाही. दारू पीत होते तेव्हासुद्धा घ्यायचे.

परवा चहाला उशीर झाला म्हणून माझ्यावर ओरडले. ओरडून झाल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत बसले, खूप वेळ. पुन्हा पितात की काय, असं वाटून मी जवळ जाऊन वास घेतला, खोटं कशाला सांगू? तसलं काही नाही. काय आहे ते मला कळत नाही. तुम्ही विचारा. तुम्हाला ते खोटं सांगणार नाहीत.

तुमची,
स्मिता

*

शेवगाव
१९ मार्च १९८२

मधू,

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, तुझं उत्तरही नाही.

घणसोलीच्या त्या माणसाच्या दारातून तू परत का आलास?

प्यायला असतास तर मी एवढी घाबरले नसते. पिणाऱ्याचं काय झालंय ते लांबूनही दिसतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी काल पुन्हा काढलं. 'मी काय ते सांगितलं.' पहिल्यांदा वाचताना माझ्या डोळ्यांवर तुझ्या मोठेपणाची झापड होती. काय सांगितलंस, ते कुठे लिहिलंयस?

एक गोष्ट तुला दहा वर्षं सांगितली नाही. सदू पाटलाला मारून तू मुंबईच्या गाडीत बसलास, त्याच संध्याकाळी बाबा त्याच्या दारात गेले. टोपी काढून उभे राहिले. सदूचं तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं. त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मास्तर, तुम्ही का आलात? ज्यानं केलं त्यानं यावं." बाबा म्हणाले, "येईल. तोवर मी आलोय." मी त्यांच्या मागे उभी होते. त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले. तू आला नाहीस.

हे तुला डागण्या द्यायला लिहीत नाही. बाबांनी तुझ्या वतीनं शब्द दिला होता, एवढंच तुला माहीत असावं.

काय झालं ते लिही. जसं झालं तसं.

अक्का

*

वाशी
२८ मार्च १९८२

अक्का,

लिहितो. जसं झालं तसं.

शिवराम घसरला नाही. मी त्याला ढकललं.

त्या दिवशी त्यानं वाटेत ड्रम लावले होते. मी तीनदा सांगितलं, बाजूला घे. तो घेतो म्हणाला आणि तंबाखू मळत बसला. सगळी माणसं बघत होती. मी म्हणालो, "ऐकू येत नाही का रे?" आवाज चढला होता माझा. त्यानं शांतपणे तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, "ओ फादर, जास्ती बोलू नको. गटारात पडला व्हतास तवा मीच तुला खांद्यावर टाकून दिघ्याला नेला. इसरलास?"

सगळे हसले.

आणि अक्का, ते खरं होतं. पाच वर्षांपूर्वी मला उचलून घरी नेणारा तोच. मला ते सगळ्यांसमोर ऐकायचं नव्हतं. दोन्ही हातांनी मी त्याला छातीवर लोटलं. मागे ओटा संपत होता. तीन-चार फूट खाली सिमेंटवर पडला, हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सुपरवायझर धावत आला. "काय झालं?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "पाय घसरला." ठरवून नाही. पण दोन दिवसांनी चौकशीत साहेबासमोर बसून मी तेच सांगितलं, ते ठरवून. त्यानं बूट घातले नव्हते, हेही सांगितलं. माणसं माझ्या हाताखालची, कुणी तोंड उघडलं नाही. शिवरामला कंत्राटदारानं सांगितलं, सही कर, नाहीतर पुन्हा गेटवर दिसू नकोस. त्यानं डाव्या हातानं सही केली. निष्काळजीपणा म्हणून त्याला तरीही काढलंच.

त्याची शेती नव्या मुंबईच्या प्रकल्पात गेलेली. म्हातारी आई आहे.

तुझं वाक्य आलं ना, 'पूर्वी माणसं पाडायचो', ते वाचून मला घरात बसवेना.

पाळकसाहेब परवा साक्षीबद्दल विचारत होते. मी म्हणालो, तयारी चालू आहे. म्हणजे तुला लिहिलेलं धरून चौथं खोटं. आता तुला एकच विचारायचं आहे. तीन वर्षांपूर्वी मी रडलो ते काय होतं? मी खरंच नव्यानं जन्मलो होतो, की जुन्याच अंगावर धुतलेला सदरा घातला होता?

मधू

*

शेवगाव
३ एप्रिल १९८२

मधू,

आधी माझं पाप लिहिते, म्हणजे आपण दोघं एका बाकावर बसू. तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार त्या बिचाऱ्याच्या हाताचा आला नाही. आला तो हा, की आता पुतळाबाईला काय सांगू? सहा महिने मी तुला दागिन्यासारखा गळ्यात घालून हिंडत होते. तुझ्यापेक्षा मलाच ते वडीलपद जास्त हवं होतं. याची मला लाज वाटते.

आता तुझा प्रश्न. माणूस नव्यानं कधी जन्मला याचं दप्तर देवाकडे आहे, शेवगावच्या शाळेत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. सदूला मारून तू गाडीत बसलास तेव्हा स्टँडवर मी होते. तू खिडकीतून हसत होतास. सदूचं काय झालं यापेक्षा तुला गाडीत जागा मिळाल्याचं अप्रूप जास्त होतं. आणि आज? एका माणसाला ढकललंस आणि सात आठवडे तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. मधू, मेलेल्या अंगात काटा मोडला तर ते ओरडत नाही. तुझं ठणकतंय. ज्याचं ठणकतं तो जिवंत आहे.

पण नुसतं ठणकून कुणाचं मनगट बसत नाही. घणसोलीला जा. ईस्टरच्या आधी जा. डबा नेऊ नकोस. हातात काही असलं की माणूस त्याच्याआड लपतो. रिकाम्या हातानं जा आणि काय केलंस ते सांग. तो शिव्या देईल, कदाचित मारेल. खाऊन घे.

नोकरी गेली तर इथे ये. चार भाकऱ्या कमी पडणार नाहीत.

अक्का

*

वाशी
१८ एप्रिल १९८२

अक्का,

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गेलो. एकटा गेलो, रिकाम्या हातानं.

घराच्या ओट्यावर त्याची आई यशोदाबाई सुपात सुका जवळा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोन रं?"

"मी मधुकर. शिवरामच्या प्लँटमधला."

"लोटला तो?"

त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, अक्का. फक्त कागदाला माहीत नव्हतं.

शिवराम आतून आला. प्लास्टर काढलं होतं, पण मनगट वाकडं बसलंय, मूठ पुरती वळत नाही. मी म्हणालो, "शिवराम, मी तुला ढकललं."

तो हसला. "ते मला सांगतंस? मी थितंच व्हतो ना!"

"चौकशीत खोटं बोललो. तू मला एकदा उचलून घरी नेलं होतंस, आणि मी हे केलं. माफ कर."

"तुज्या देवानं केलं का माफ?"

मी म्हणालो, "तो करतो, असं मी मानतो."

"मंग झालं की तुजं! तुमचं बरं हाय. डोकं खाली घातलं, रडलं, की मागचं सगलं धुतलं. माजा हात कंच्या पान्यानं धुऊ, म्हंजे सरल व्हईल?"

आणि तुला खरं सांगायचं ठरवलंय म्हणून सांगतो, त्या क्षणीही माझे कान तापले. मनात आलं, मी ऑपरेटर माणूस, एवढा नमून आलो आणि हा असं बोलतो! तोच, अक्का. ज्याला मी पुरलं म्हणत होतो तोच माझ्यात उभा होता, घणसोलीत, माफी मागताना. मी हात पाठीमागे धरले आणि मान खाली घातली.

तेव्हा म्हातारी बोलली. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "हितं कशाला माफी मागतंस? आमी कुटं तुजं खोटं खरं मानलं? जितं खोटं बोल्लास तितं जाऊन बोल."

झालं. त्यांनी बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. मी पायीच परत निघालो.

शनिवारी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. अर्ज लिहूनच नेला होता. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं. म्हणाले, "पारधे, डोकं ठिकाणावर आहे ना? फाईल बंद झाली. कुणी तक्रार केलेली नाही. हे तुम्ही परत न्या, मी पाहिलंच नाही असं समजतो."

अक्का, तो कागद माझ्या बाजूला सरकवलेला होता. हात पुढे केला असता तर संपलं असतं. देवाशपथ, माझा हात टेबलापर्यंत गेला. मग म्हणालो, "साहेब, पावती द्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा पिऊन आलोय. पण शिक्का मारला. सोमवारी सस्पेंडची ऑर्डर आली. शिवरामची फाईल उघडली आहे.

पाळकसाहेबांना मी शनिवारीच सगळं सांगितलं आणि वडीलपदासाठी माझं नाव काढा म्हणालो. मग म्हणाले, "साक्षही राहू द्या मग यंदा." मी म्हणालो, "नाही साहेब. साक्ष आता द्यायची आहे."

ईस्टरला हॉल भरलेला. मी उभा राहिलो आणि कागद न घेता बोललो. म्हणालो, तीन वर्षांपूर्वी प्रभूनं मला धरलं, ते खरं आहे. दारू सुटली, तेही खरं आहे. आणि दहा फेब्रुवारीला मी एका माणसाचा हात मोडला आणि खोटी साक्ष दिली, हेही माझंच आहे. मला वाटलं होतं, जन्म झाला म्हणजे काम झालं. तसं नाही. मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगायला उभा नाही. ज्यानं मला धरलंय त्यानं अजून सोडलेलं नाही, एवढंच सांगायला उभा आहे. त्या माणसाचं नाव शिवराम. त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याचा पाय घसरला नव्हता.

कुणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी नजर फिरवली. मी जागेवर जाऊन बसलो. स्मितानं माझा हात धरला, सगळ्यांदेखत, आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

मग प्रभुभोजनाची थाळी आली. मी घेतलं.

मधू

*

शेवगाव
२४ एप्रिल १९८२

मधू,

पत्र पोचलं. तू हॉलात सगळ्यांसमोर बोललासच, म्हणून मीही बुधवारी सभेत वाचलं. सगळं, आणि माझी ती दागिन्याची गोष्टही सांगितली.

सविस्तर मागून लिहीन. आता डोळे भरलेत, अक्षर दिसत नाही.

अक्का

*

वाशी
२१ नोव्हेंबर १९८२

अक्कास सलाम.

कामावर परत घेतलं हे तुला स्मितानं कळवलंच आहे. साडेतीन महिने घरी बसलो, स्मितानं शिवणकाम करून घर ओढलं. ऑपरेटरची जागा गेली. आता पॅकिंगला आहे, कालपर्यंत माझ्या हाताखाली होते त्यांच्या हाताखाली. मंडळीचे वडील म्हणून जयप्रकाश निवडून आलाय, चांगला माणूस आहे. मी रविवारी लवकर जाऊन हॉलात सतरंज्या घालतो. ते काम कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं.

शिवरामला कंपनीनं सरळ आपल्या नोकरीत घेतलं, कंत्राटदाराला वगळून. अपघात कामावरचा धरला. स्टोअरमध्ये बसतो, हलकं काम. मूठ अजून वळत नाही, वळणारही नाही म्हणतात. त्याचं काही करता येत नाही मला. रोज दिसतो तो हात.

मंगळवारची गोष्ट सांगतो. नवा सुपरवायझर आलाय, जेमतेम पंचविशीचा. चारचौघांत मला म्हणाला, "काय रे पारधे, मंदिरात रडायला चांगलं जमतं म्हणे तुला, खोकी उचलायला नाही जमत?" अक्का, माझी मूठ वळली. पुरती वळली. आणि तो कुठे उभा होता सांगू? पायऱ्यांच्या कडेला. मी पाहिलं. तो कुठे पडेल तेसुद्धा मी पाहिलं.

मी वळलो आणि चालायला लागलो. मागून तो ओरडत होता. पाय नेतील तिकडे गेलो, ते थेट स्टोअरच्या दारात. शिवराम आत वही लिहीत होता, डाव्या हातानं. माझं तोंड बघून त्यानं पेन खाली ठेवलं.

"आला व्हता ना राग?"

"आला होता."

"गेला?"

"नाही अजून."

त्यानं पायानं स्टूल माझ्याकडे ढकललं. "बस मंग हितं. जाईस्तोवर बस."

मी बसलो. अर्धा तास तरी बसलो असेन. तो त्याचं लिहीत होता, मी बोल्ट मोजून डब्यात टाकत होतो. निघताना तो म्हणाला, "उद्या आला तर परत ये. दार उगडंच असतं."

मला माफ केलं असं तो अजून म्हणालेला नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

जुन्या मधुकरला मी एकदाच पुरलं आणि मोकळा झालो, असं समजलो होतो. तो रोज सकाळी उठतो, माझ्याआधी उठतो. मलाही रोज उठावं लागतं. पण अक्का, मंगळवारी मी घरी आलो तेव्हा ताठ चाललो. स्मिताला सांगितलं, आज मला राग आला होता आणि मी कुणाला हात लावला नाही. ती म्हणाली, "मग आज गोड करते." शिरा केला. एवढ्याशा गोष्टीला कुणी शिरा करतं का?

सुट्टी मिळाली की गावी येतोय. तुला भेटायला, आणि सदू पाटलाकडे. बरोबर तू येऊ नकोस. मी एकटा जाईन.

तुझा,
मधू

*

शेवगाव
२ डिसेंबर १९८२

प्रिय मधू,

ये. सदू थकलाय, त्याला ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागेल. म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाईल. तुला चालेल असं मला वाटतं.

तुझं पत्र पुतळाबाईंनी मागून घेतलं आणि नातीकडून पुन्हा वाचून घेतलं. त्यांच्या घरीही एक तापट माणूस आहे, त्यांचा धाकटा, तू ओळखतोस. शनिवारी तो माझ्याकडे आला होता. चहा पिऊन थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "मधू आला की सांगा, मला भेटायचंय." म्हणजे तुझी साक्ष वाशीच्या हॉलातून निघून इथवर चालत आली.

काल शाळेत नव्या बाई आल्या, मुंबईकडच्या. ओळख झाली, तुझी गोष्ट निघाली. त्यांनी विचारलं, "वाशीला असतात का तुमचे भाऊ? काय आहेत ते?" गेल्या वर्षी याच प्रश्नाला मी काय उत्तर द्यायची, आठवतं ना? ऑपरेटर आहे, मंडळीचा वडील होणार आहे, असं भराभर सांगायची, आणि सांगून झालं की कुणी खोडून काढेल का, अशी धास्ती वाटायची.

काल मी म्हटलं, "पॅकिंगला खोकी उचलतो. रविवारी सतरंज्या घालतो. कुणी विचारलेलं नसताना साहेबासमोर जाऊन खरं बोलून आला, आणि अजून रोज स्वतःशी झगडतो."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही किती अभिमानानं सांगता हो!"

मी म्हटलं, "सांगणारच! भाऊ कुणाचा आहे!"

तुझी,
अक्का